कलकत्त्याच्या भिंतीला टेकून

आठवीचे वार्षिक परीक्षेचे पेपर तपासताना मला एक नकाशा सापडला. त्यात मुंबई दिल्लीच्या जागी होती, दिल्ली बंगालमध्ये, कोलकाता चेन्नईच्या जागी आणि चेन्नई अरबी समुद्रात बुडालेली. मी हसले आणि लाल पेनने फुल्या मारल्या. बावीस वर्षं भूगोल शिकवते आहे, मुलांनी हिमालय गोव्याला नेलेलाही पाहिला आहे. पण पुढचा पेपर तसाच निघाला. त्याच्या पुढचाही. एकूण पाच पेपर, आणि पाचही जणांची चेन्नई समुद्रात नेमकी एकाच ठिकाणी बुडालेली.

कॉपी म्हणावी तर पाचही जण वर्गात एकमेकांपासून लांब बसलेले. शिवाय कॉपी करणारा बरोबर उत्तर शोधतो, चूक कशाला उतरवेल? माझं डोकं सटकलं. मी मुळातच तापट. आडनाव पिंपळखुटे, पण मुलं पाठीमागे मला ‘पिंपळावरची’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी पाचही जणांना स्टाफरूमबाहेर उभं केलं आणि विचारलं, “हा नकाशा तुम्हाला कोणी शिकवला?”

“आबाजीनं,” पाचही जण एकदम म्हणाले, आणि अशा अभिमानाने म्हणाले की मी आणखीच भडकले.

हे आबाजी म्हणजे देवराव सोमकुवर. आमची शाळा वाडीत आहे, अमरावती रोडला. ट्रान्सपोर्टची गोदामं, उभे ट्रक, त्यांच्यामधून वाट काढत येणारी आमची मुलं. मी सक्करदऱ्याहून रोज स्कूटीने अख्खं नागपूर ओलांडून इथे येते. गोदामांच्या मागच्या गल्लीत एक म्हातारा मुलांना फुकट भूगोल शिकवतो, असं मी वर्षभर ऐकत होते. ऐकून सोडून देत होते. कोणी गणित शिकवतो, कोणी इंग्रजी. भूगोल शिकवणारा म्हणजे वेळ जात नसलेला माणूस असणार, असं मला वाटायचं. माझ्याच विषयाबद्दल माझं हे मत होतं, आता लिहिताना लाज वाटते.

त्या पाचांपैकी चौघे कसेबसे पास झाले. पाचवी नंदिनी. तिला सामाजिक शास्त्रात पस्तीस हवे होते, तेहतीस मिळाले. नकाशाच्या सहा मार्कांपैकी दोन जरी पडले असते तरी मुलगी तरली असती. द्यायचे होते की दोन मार्क, असं तुम्ही म्हणाल. मार्क वाटणाऱ्यांतली मी नव्हे. आठवीत आता पुन्हा नापास करतात. जूनमध्ये फेरपरीक्षा, आणि त्यातही गेली तर त्याच वर्गात पुन्हा वर्षभर.

निकालाच्या दिवशी तिची आई माया शाळेत आली. ती ड्रायव्हर लोकांच्या मेसमध्ये स्वयंपाक करते. हाताला कणीक तशीच होती.

“मॅडम, फेरपरीक्षेत गेली तर मी तिले मौद्याले मामाकडं धाडून देईन,” ती म्हणाली. “मामीचं पार्लर हाय, ते तरी शिकंल. एकाच वर्गात दोन वर्षं बसून पोरगी काय करन?”

नंदिनी शेजारी उभी होती. रडत नव्हती. आपण नेमकं कुठे चुकलो हे तिला कळत नव्हतं, ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी देवरावांच्या दारात स्कूटी उभी केली. चांगलं खडसवायचं असं ठरवून गेले होते. वाक्यंसुद्धा तयार होती.

आधी देवराव कोण ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. वय सदुसष्ट. शिक्षण सातवी. वडिलांनी छप्पन साली दीक्षाभूमीवर दीक्षा घेतली आणि मग ज्याला त्याला ‘शिक रे’ म्हणत राहिले. पण देवरावांची सातवी झाली आणि वडीलच गेले, म्हणून शिकणं राहिलं. मग मिळतील ती कामं, आणि पुढे एकतीस वर्षं वाडीतल्या एका गोदामात मार्का टाकायचं काम. ट्रान्सपोर्टमध्ये प्रत्येक पार्सलला नग म्हणतात. नग आला की काट्यावर वजन करायचं, कुंचल्याने काळ्या शाईत त्यावर गावाचं नाव टाकायचं आणि ज्या त्या लाइनच्या थप्पीत रचायला लावायचं. नाव चुकलं तर लुधियानाचे स्वेटर विजयवाड्याला जातात. देवरावांचं एकतीस वर्षांत एकदाही चुकलं नाही, असं त्यांच्या मालकानेच मला नंतर सांगितलं. रिटायर होताना त्यांनी मालकाकडे घड्याळ मागितलं नाही, शाल मागितली नाही, गोदामातला जुना मोडका वजनकाटा मागून घेतला. तो त्यांच्या अंगणाच्या मधोमध ठेवलेला आहे. शहरात देशाचा मध्य दाखवणारा झिरो माईलचा खांब आहे, देवरावांच्या अंगणात काटा, तेच त्यांचं नागपूर.

आणि या माणसाने आयुष्यात रामटेकच्या पुढे पाऊल टाकलेलं नाही.

क्लास सुरू झाला तो गल्लीतल्या साहिलमुळे. फटाक्याच्या खोक्यावरचं नाव वाचून त्याने विचारलं, “आबाजी, शिवकाशी कुठं आहे?” देवरावांनी शिवकाशी सांगितली, तिथे पाऊस कमी म्हणून काड्यापेटी आणि फटाके कसे वाळतात ते सांगितलं, तिथून गाडी कुठल्या नद्या ओलांडत येते ते सांगितलं. साहिल दुसऱ्या दिवशी दोघांना घेऊन आला. आता सहावी ते आठवीची अकरा मुलं आहेत. फी एकच, एक रिकामं खोकं; मात्र त्यावर कारखान्याचा पत्ता छापलेला पाहिजे.

मी फाटक उघडून आत गेले तेव्हा अकराही मुलं समोरच्या भिंतीला टेकून सतरंजीवर बसली होती. शेजारचं घर दुमजली, त्यामुळे सकाळची सावली तेवढीच. चारही भिंतींशी खोक्यांच्या थप्प्या रचलेल्या. जमिनीवर निळीने नद्या ओढलेल्या. देवराव काट्यावर उभे राहून, ट्रक गोदामाशी येऊन उभा राहिला की देतात ती हाक ओरडले, “गाडी लागली!” आणि एक मुलगी उठून पळाली, अलिगढचं कुलपांचं खोकं उचललं आणि काट्याकडे येता येता घडाघडा बोलू लागली, “यमुना लागली, चंबळ लागली, आता नर्मदा, आता सातपुडा, गाडी घाटात, पहिल्या गेरवर...”

मी ऐकतच राहिले. मग आपण भांडायला आलो आहोत हे आठवलं.

“जय भीम मॅडम, या या,” देवराव काट्यावरून उतरले आणि घरात बायकोला हाक मारली. “सिंधू, मॅडमले खुर्ची आण वं.”

मी बसले नाही. पर्समधून एक कोरा नकाशा काढला. पेपर बाहेर नेता येत नाहीत, म्हणून मुलांनी टाकलेली गावं मी आठवून त्यावर टाकून आणली होती. तो त्यांच्यासमोर धरला आणि म्हटलं, “हे बघा, तुमच्या पाच विद्यार्थ्यांनी काय केलं आहे.”

देवरावांनी चष्मा लावला. नकाशा नीट पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी मनापासून म्हणाले, “बरोबर तर हाय, मॅडम.”

“बरोबर?”

“हे पाहा ना. मुंबई समोर गेटावर. दिल्ली उजव्या हाताले. हैदराबाद, मद्रास डाव्या हाताले. कलकत्ता पाठीमागं. कोनतं चुकलं?”

मी काट्यावर चढले. फाटकाकडे तोंड केलं आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. फाटक पश्चिमेला होतं. त्यांच्या गोदामाचंही फाटक पश्चिमेला, अमरावती रोडकडे. मुंबई लाइनच्या गाड्या तिकडून निघायच्या, म्हणून मुंबईची थप्पी फाटकाजवळ. दिल्ली लाइन उजव्या भिंतीला, हैदराबाद लाइन डाव्या, कलकत्ता मागच्या. एकतीस वर्षं या माणसाने भारत असाच पाहिला होता आणि अंगणात तो तसाच मांडला होता. त्यांचा भारत बरोबर होता, फक्त आडवा होता. मुलं कलकत्त्याच्या भिंतीला टेकून मुंबईकडे बघत भूगोल शिकली आणि परीक्षेत कोऱ्या कागदावर त्यांनी मुंबई समोर, म्हणजे वर टाकली.

कागदावर वरची बाजू उत्तर असते, हे मी देवरावांना समजावलं. बोटाने काश्मीर दाखवला, खाली कन्याकुमारी दाखवली. त्यांनी छापील नकाशा कधी नीट बघितलाच नव्हता, त्यांना त्याची गरजच पडली नव्हती. त्यांनी नकाशा हातात घेऊन आडवा धरला, मग सरळ धरला.

“म्हंजे नंदिनीचं साल माह्यानं गेलं?”

मी नकाशाची घडी घालू लागले.

देवराव काट्यावर बसले. मग उठून एकेका मुलाच्या हातात त्याचं खोकं दिलं आणि म्हणाले, “जा गा पोरंहो, घरी जा. क्लास बंद. मी मार्का चुकवला.”

मुलं हलेनात. मला तिथे उभं राहणं अवघड झालं. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून मी मुलांना विचारलं, “बरं, उत्तर दिशा तरी माहीत आहे का? कुठे आहे उत्तर?”

अकरा हात एकाच वेळी उठले आणि अकरा बोटं उजव्या भिंतीकडे गेली. मी मोबाइलमधलं होकायंत्र उघडून पाहिलं. बरोबर होतं. मी भूगोलाची शिक्षिका, आणि मला मोबाइल बघावा लागला.

आठवीचा निकाल लवकर लागला होता, बाकीचे वर्ग अजून भरत होते. त्या दिवशी शाळेत सातवीच्या वर्गात मी अर्णवला उभं केलं. वर्गात पहिला येणारा मुलगा, नकाशात पैकीच्या पैकी.

“अर्णव, दिल्ली कुठल्या बाजूला आहे? बोट करून दाखव.”

त्याने क्षणभरही विचार न करता पंख्याकडे बोट केलं. मी सगळ्या वर्गाला विचारलं. चाळीस मुलांनी पंख्याकडे बोट केलं. त्यांची तरी काय चूक? बावीस वर्षं मी फळ्यावर नकाशा लावून ‘वर उत्तर’ म्हणते आहे आणि आमचा फळा पश्चिमेच्या भिंतीवर आहे. माझ्या मुलांच्या लेखी दिल्ली छतावर, कन्याकुमारी माझ्या पायाशी. घरी जाताना मी स्कूटीवर एकटीच हसत होते. सिग्नलला एका बाईने वळून पाहिलंसुद्धा.

तिसऱ्या दिवशी पुन्हा देवरावांकडे गेले. या वेळी खडसवायला नाही, विनवायला. फेरपरीक्षेला दोन महिने होते. मी नंदिनीला शाळेत बोलावून शिकवून पाहिलं होतं. नकाशा समोर ठेवला की मुलगी घाबरायची, लुधियाना म्हटलं की हात उजवीकडे जायचा, मग थबकायचा, मग कुठेच जायचा नाही. आधी तिला चुकीचं तरी ठामपणे येत होतं, माझ्या शिकवण्याने तेही गेलं.

“तुम्हीच शिकवा तिला,” मी म्हटलं. “पण हे सगळं पुसा आणि उत्तर समोर घेऊन मांडा.”

“नाही मॅडम, आता नाही,” देवराव म्हणाले. “लेकराचं नुकसान करून बसलो.”

सिंधूताई पन्ह्याचा ग्लास घेऊन आल्या. देवरावांच्या पत्नी, बोलणं एकदम रोखठोक. “दोन दिवसांपासून हे जेवून नाही राहिले बरोबर. नुसतं त्या काट्यावर बसून राहतेत. मी म्हटलं, तुमी चुकवलं तर तुमीच सुधरवा ना! मौद्याची गाडी लागाच्या आधी सुधरवा.”

देवराव उठले. बायकोचं ऐकून उठले की नंदिनीचं नाव ऐकून, माहीत नाही. आम्ही दोघांनी मिळून दिल्लीची थप्पी फाटकाशी आणली, कलकत्त्याची उजवीकडे नेली, हैदराबादची मागे. घामाने दोघेही भिजलो. निळीच्या नद्या पुसून पुन्हा ओढल्या. मग देवराव काट्यावर चढले. मी म्हटलं, “लुधियाना.” त्यांचा पाय उजवीकडे वळला. “नाही, समोर,” मी म्हटलं. “सुरत.” पाय समोर गेला. “नाही, डावीकडे.” पाच-सहा नावांनंतर ते मधेच थांबले आणि मटकन खाली बसले. एकतीस वर्षांत न चुकलेला माणूस आपल्याच अंगणात हरवला. मला माझाच राग आला.

“माह्यानं होत नाही, मॅडम. डोक्याले कळते, पायाले कळत नाही.”

आम्ही सगळं पुन्हा होतं तसं मांडलं. दिल्ली उजवीकडे, मुंबई फाटकाशी. दुसरा इलाज नव्हता. मी सावलीत, कलकत्त्याच्या भिंतीशी खुर्ची टाकून बसले आणि उरलेल्या जागेत माझा मोठा नकाशा पसरून डोकं धरलं. तेवढ्यात नंदिनी आली. मी तिला बोलावून ठेवलं होतं, पण मेसमध्ये आईच्या हाताखाली पोळ्या लाटून आली, म्हणून उशीर झाला होता. सावलीत मी आणि माझा नकाशा. तिला बसायला जागा नाही. ती जाऊन डावीकडच्या भिंतीला टेकून उन्हातच बसली आणि ओढणी डोक्यावर घेतली.

जरा वेळाने ती म्हणाली, “मॅडम.”

“काय गं?”

“मॅडम, हा सरळ झाला.”

“काय सरळ झालं?”

“नकाशा. हा पुस्तकातल्यासारखा झाला. हे पाहा ना, माझ्यासमोर दिल्ली हाय. डाव्या हाताले मुंबई. उजव्या हाताले कलकत्ता. मी हैदराबादवर बसून राहिली.”

देवरावांनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं. मग आम्ही दोघेही उठून तिच्याजवळ गेलो, एक सदुसष्ट वर्षांचा मार्कावाला आणि एक एमए-बीएड बाई, आणि त्या तापलेल्या भिंतीला टेकून उन्हात फतकल मारून बसलो. खरंच होतं. एक खोकं हलवायची गरज नव्हती. नदी पुसायची गरज नव्हती. फक्त मुलांनी कुठे बसायचं तेवढं बदलायचं होतं. कलकत्त्याच्या भिंतीला सावली होती म्हणून मुलं तिथे बसली, आणि त्या सावलीपायी भारत आडवा झाला. देवराव इतक्या जोरात हसले की सिंधूताई लाटणं घेऊन बाहेर आल्या.

“काहून गा, काय झालं?”

“काही नाही वं. हैदराबादले ताडपत्री बांधा लागते!”

ताडपत्री गोदामातून आली. मालकाने ट्रकवरची जुनी दिली, तिला चार भोकं होती, त्यांतून उन्हाचे चार ठिपके जमिनीवर पडायचे आणि दहा वाजेपर्यंत ते अकोल्याहून वर्ध्याकडे सरकायचे. देवराव हट्टी. म्हणाले, नंदिनी पास होईस्तोवर बाकीचा क्लास बंद. ज्याचं बिघडवलं त्याचं आधी. मे महिना, नागपूरचं ऊन, सकाळी सातलाच अंग भाजायचं. रोज दोन तास मुलगी हैदराबादच्या भिंतीशी बसायची, देवराव काट्यावरून गावं सोडायचे. तिने जागेवरून बोट करायचं, मग मांडीवरच्या कागदावर टिंब द्यायचं. मी आठवड्यातून दोनदा जायची. सुटी होती, घरी कूलरसमोर झोपता आलं असतं. खरं सांगायचं तर मला तिथे मजा यायची. मोरबीच्या टाइल्सवरून माती, तिरुपूरच्या बनियनवरून कापूस, फिरोजाबादच्या बांगड्यांवरून वाळू. मी पुस्तकातून जे शिकवते ते या माणसाच्या हाताला आणि नाकाला माहीत होतं. भिजलेलं खोकं कुठल्या नदीच्या पुरातून आलंय, हे तो वासावरून सांगायचा म्हणे. यातलं थोडं मला खोटं वाटतं, पण मी कधी बोलले नाही.

माया एकदा डबा द्यायला आली. फाटकातूनच म्हणाली, “आबाजी, बॅग भरून ठेवली हाय मी तिची. खोटं नाही सांगत.”

देवरावांनी त्या दिवशी एक तास जास्त घेतला.

जूनमध्ये फेरपरीक्षा झाली. सात मुलं, एक वर्ग, सुपरवायझर नवे प्रीतम सर, नियमाचे एकदम पक्के. मी बाहेर व्हरांड्यात फेऱ्या घालत होते. विषय माझा, म्हणून आत जायला मनाई. तासभर झाला असेल, आतून प्रीतम सरांचा आवाज चढला. मी दारात गेले. नंदिनी बाकाजवळ उभी होती.

“मॅडम, ही मुलगी बाक फिरवायचं म्हणते,” प्रीतम सर म्हणाले. “परीक्षेत! मी म्हटलं, गपचूप बस.”

नंदिनीने माझ्याकडे पाहिलं. रडण्याच्या बेतात होती. “मॅडम, फळ्याकडे तोंड केलं की मुंबई समोर येते. मला दिल्लीकडे तोंड करून बसू द्या.”

प्रीतम सरांना वाटलं मुलगी बरळते आहे. त्या वर्गात फळा पश्चिमेच्या भिंतीवर. तिचा नकाशा पुन्हा आडवा होऊ पाहत होता, आणि तिला ते कळलं होतं, म्हणून ती उभी राहिली होती. आठवीची मुलगी, नापास झालेली, घरी बॅग भरलेली, आणि परीक्षेत उभं राहून बाक फिरवू द्या म्हणते! मला तिचा फार अभिमान वाटला.

“सर, बाक फिरवू नये असा कुठे नियम आहे?” मी विचारलं.

“नाही, पण...”

मी आत गेले आणि बाकाचं एक टोक धरलं. दुसरं नंदिनीने धरलं. लोखंडी बाक फरशीवर कर्कश ओरडला, सगळी मुलं वळून पाहू लागली. तिच्या उजवीकडे आता रिकामी भिंत, डावीकडे फळा, समोर खिडकी, खिडकीपलीकडे थेट दिल्ली. ती बसली. नकाशा ओढला. मी बाहेर आले आणि प्रीतम सरांची रीतसर माफी मागितली, कारण आवाज माझाही चढला होता.

पेपर मीच तपासला आणि कोणी बोट दाखवू नये म्हणून मुख्याध्यापकांकडूनही तपासून घेतला. सहा गावं होती. लुधियाना, सुरत, विशाखापट्टणम, बेंगळुरू, कोलकाता, सगळी जिथल्या तिथे. सहावं चेरापुंजी, ते तिने नेऊन ठेवलं ओडिशात. सामाजिक शास्त्रात एक्केचाळीस. पास.

निकाल घेऊन नंदिनी, माया आणि मी, तिघी देवरावांकडे गेलो. मायाने रस्त्यात दोनदा पदराने नाक पुसलं. देवराव फाटकातच उभे होते. सकाळपासून उभे असावेत, कारण सिंधूताई आतून ओरडत होत्या, “अहो, बसा तरी!”

“पास झाली,” मी म्हटलं.

त्यांनी ऐकलं. मान हलवली. चष्मा काढला, पुसला, लावला, पुन्हा काढला. मग विचारलं, “किती स्टेशनं होती?”

“सहा.”

“चुकलं कोनतं?”

“चेरापुंजी.”

“चेरापुंजी!” देवरावांच्या जिवात जीव आला. “तिथून माल कधी आलाच नाही ना, मॅडम. नुसतं पाणी पडते तिथं, पाणी कोन पार्सल करते?” आणि एवढं बोलून म्हातारा ढसाढसा रडायला लागला. “साल वाचलं वं पोरी तुहं. साल वाचलं.” मीही रडले. सांगायला लाज कसली!

डोळे पुसल्यावर देवरावांनी आतून एक कोरं खोकं आणलं, कुंचला शाईत बुडवला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, चेरापुंजी. एकतीस वर्षांत हे नाव त्यांनी पहिल्यांदाच लिहिलं होतं. खोकं हातात घेऊन ते काट्यावर उभे राहिले आणि गोंधळून माझ्याकडे पाहू लागले.

“मॅडम, हे कोन्या थप्पीत ठेवू?”

मी तोंड उघडायच्या आत नंदिनीने खोकं त्यांच्या हातातून घेतलं. ती हैदराबादच्या भिंतीशी गेली, टेकून बसली, दिल्लीकडे पाहिलं, कलकत्त्याकडे पाहिलं. मग उठली आणि तडक उजवीकडे चालू लागली, कलकत्त्याच्या थप्पीच्याही पुढे, भिंतीपर्यंत.

“अवं, पुढं भिंत हाय,” सिंधूताई म्हणाल्या. “त्याच्या पलीकडं शेजाऱ्याचं घर हाय.”

“मग शेजाऱ्याच्या घरात हाय चेरापुंजी,” नंदिनी म्हणाली. तिने दोन खोक्यांवर पाय ठेवला आणि हातातलं खोकं शेजाऱ्याच्या खिडकीच्या पट्टीवर नेऊन ठेवलं. मी मनात मोजलं. बरोबर जागी होतं.

फाटकाबाहेर कधीची दहा मुलं जमली होती, दोन महिने बंद असलेल्या क्लासची, प्रत्येकाच्या हातात आपापलं खोकं. देवरावांनी मला हाताने खूण केली, म्हणजे मी बोलायचं. पण माझ्याआधी नंदिनी काट्यावर चढली आणि सगळी गल्ली दणाणेल अशा आवाजात ओरडली, “गाडी लागली!”

माया फाटकाशी उभी राहून हे पाहत होती. मग ती आत आली, हैदराबादच्या भिंतीशी ताडपत्रीखाली बसली आणि म्हणाली, “मले बी दाखवा गा कोनी, मौदा कुठं येते यात.”

“कलकत्त्याच्या रस्त्यावर, आई,” नंदिनी काट्यावरून म्हणाली. “इथून दोन पावलं. पण आपल्याले जायचं नाही तिकडं.”